लैंगिक अत्याचारानंतरची सोबत : दवाखाना, ठाणे, थेरपी आणि कोर्ट

अत्याचार झालेली बाई सहसा सगळ्यात आधी पोलिसांना सांगत नाही, डॉक्टरांनाही नाही. ती सांगते बहिणीला, हॉस्टेलमधल्या मैत्रिणीला, आशाताईंना, बचत गटातल्या एखाद्या जाणत्या बाईला. हा लेख त्या ऐकणाऱ्या माणसासाठी आहे. डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशक आपापलं काम कमी-जास्त करतातच. पण एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत तिला एकटीला जावं लागतं आणि बऱ्याच केसेस तिथेच गळतात. सोबतीचं काम म्हणजे हे मधलं अंतर.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्या. तिच्या मर्जीविरुद्ध एकदा घडलं आहे. आता मदतीच्या नावाखाली दुसऱ्यांदा घडू नये. दवाखान्यात जायचं का, तक्रार करायची का, आईला सांगायचं का, हे सगळं तिला विचारायचं आणि ती "नको" म्हणाली तर ते मानायचं. याला मोठे अपवाद दोन : जिवाला धोका असेल तेव्हा, आणि ती अठराच्या आतली असेल तेव्हा. त्याबद्दल पुढे येईलच.

ती सांगते तेव्हा

"तिथे गेलीसच कशाला?", "इतके दिवस का बोलली नाहीस?", "ओरडली का नाहीस?" हे तीन प्रश्न तोंडावर येतीलच, कारण आपण ते ऐकतच मोठे झालो. ते गिळा. भीतीने शरीर गोठतं. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. हे कायद्यालाही मान्य आहे : भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा ठरवणारा कायदा) कलम ६३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही.

बोलायचं ते थोडकं. "सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही. आत्ता तुला काय हवंय?" एवढं पुरतं. पाठीवर हात ठेवायच्या आधीसुद्धा "हात धरू का?" असं विचारा. ती हसली, अगदी कोरडेपणाने बोलली, मागचं-पुढचं उलटसुलट सांगू लागली, तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. धक्का बसलेल्या माणसाची आठवण तुकड्यातुकड्यांनी येते.

संपूर्ण हकिकत काढून घ्यायचा मोह टाळा. "बोल, मन मोकळं कर" म्हणून लगेच सगळं वदवून घेतल्याने फायदा होतो असं संशोधनात दिसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सुरुवातीला मानसिक प्रथमोपचारच सुचवते, म्हणजे परिस्थिती बघणं, ऐकणं आणि योग्य मदतीशी जोडून देणं. शिवाय तिला हेच पुढे डॉक्टर, पोलीस, मॅजिस्ट्रेट आणि कोर्टासमोर सांगायचं आहे.

त्याऐवजी रोकडे प्रश्न विचारा. आज रात्री झोपायला कुठे? तो माणूस घरात, गल्लीत, ऑफिसात आहे का? तिचा फोन कोणाकडे आहे? जीव द्यावासा वाटतोय का, हेही थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर "हो" असेल तर एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयात न्या. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक तुमच्याही फोनमध्ये असू द्या.

आधी दवाखाना

बहुतेकांना वाटतं की पोलिसांची चिठ्ठी असल्याशिवाय दवाखान्यात घेत नाहीत. तसं नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती थेट रुग्णालयात जाऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणारा कायदा) कलम ३९७ नुसार सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर तातडीने मोफत उपचार केलेच पाहिजेत. नाकारले तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा होतो. त्याच कलम ३९७ प्रमाणे रुग्णालय पोलिसांना कळवतं. ही गोष्ट तिला दारात पाऊल टाकण्याआधी सांगा, नाहीतर वॉर्डात खाकी वर्दी दिसल्यावर तिला वाटेल की तुम्हीच फसवलंत. पोलीस आले तरी जबाब आत्ता द्यायचा नाही, असं ती सांगू शकते. तिचा नकार कागदावर नोंदवला जातो.

घाई कशाची, तर वेळ बांधलेल्या औषधांची. गर्भधारणा टाळायची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो ७२ तासांच्या आत. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर डॉक्टरांना सांगून परत घ्यावी लागते. एचआयव्ही टाळण्याची औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू व्हायला हवीत आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. इथे सोबतीची खरी गरज लागते. मळमळते, घरात "कसल्या गोळ्या?" म्हणून विचारतात, आणि आठवड्यात डबी कपाटात मागे जाते. रोज ठरलेल्या वेळी साधा "जेवलीस का?" एवढाच मेसेज टाका, दोघींना कळतं काय विचारलंय. शिवाय धनुर्वात, हिपॅटायटिस बी, गुप्तरोगांची औषधं, आणि एचआयव्हीची तपासणी दीड महिन्याने व तीन महिन्यांनी पुन्हा.

पुराव्याचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. तोवर जमलं तर अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. ओल धरते आणि नमुना खराब होतो. पण अंघोळ झालीच असेल तर "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नका. जखमा, औषधं आणि नोंद यांचं महत्त्व तेवढंच राहतं.

तपासणीच्या प्रत्येक भागाला तिची वेगळी संमती लागते. उपचार हवेत पण नमुने नकोत, असं ती म्हणू शकते आणि तरीही उपचार द्यावेच लागतात. तथाकथित टू-फिंगर टेस्ट (योनीत बोटं घालून केलेली तपासणी) कोणी करू लागलं तर थांबवा. ही चाचणी बाईच्या हक्कांवर गदा आणते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असंही बजावलं. "अंगाला सवय आहे" छापाचा शेरा केसपेपरवर दिसला तर तिथल्या तिथे डॉक्टरांना विचारा. भांडू नका, फक्त म्हणा, "डॉक्टर, हे २०१४ च्या प्रोटोकॉलमध्ये बसतं का?" एवढ्याने बरेचदा काम होतं. निघताना वैद्यकीय अहवालाची प्रत मागून घ्या. ती मोफत मिळते.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. रुग्णालयातच समुपदेशक बसले तर किती फरक पडतो, हे त्याने दाखवलं. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं : उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एका छताखाली. कागदावर तरी तसं. आपल्या जिल्ह्यातलं केंद्र कुठे आहे आणि रात्री फोन कोण उचलतं, हे वेळ येण्याआधी स्वतः जाऊन बघून या.

दिवस गेलेत असं उशिरा कळलं तर घाबरून गावठी औषधांकडे वळू नका. अशा प्रसंगी कायद्याने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यापुढे गेलं तर उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे विधी सेवा प्राधिकरणाचा (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) वकील मिळू शकतो.

ठाण्यात

तक्रार करायचं तिने ठरवलं, तर कुठल्याही ठाण्यात करता येते. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर चालत नाही. शून्य क्रमांकाने एफआयआर घ्यावा लागतो. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. पुढचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, आई-वडील, जवळचे नातेवाईक किंवा परिसरातल्या सामाजिक कार्यकर्तीच्या उपस्थितीत घेता येतो. तुमची खुर्ची कायद्यात आहे ती इथे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७६). अपंग स्त्रीसाठी दुभाष्या किंवा विशेष शिक्षक बोलवायचा आणि चित्रीकरण करायचं, असंही कायदा सांगतो.

प्रत्यक्षात काय होतं? "मॅडम बंदोबस्ताला गेल्यात, बसा." मग दोन तास, तीन तास. पाण्याची बाटली, बिस्किटं, सॅनिटरी पॅड, चार्जर आणि कोरे कागद घेऊनच जा. तिला दाराकडे पाठ करून बसवू नका. कोण आलं-गेलं दिसत नसलं की जीव घाबरतो. तुम्ही जरा मागे, तिला दिसाल असं बसा. तिच्या वतीने उत्तरं देऊ नका. पुढे कोर्टात "हे सगळं त्या ताईंनी शिकवलं" असा मुद्दा निघतो, आणि तो महागात पडतो.

लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगा. तिचे शब्द आणि कागदावरचे शब्द एक आहेत का, तेवढं बघा. ती म्हणाली "त्याने हात पिरगाळला" आणि कागदावर "झटापट झाली" आलं, तर दुरुस्ती करून घ्या आणि मगच सही. उशीर झाला असेल तर त्याचं कारण तिच्याच शब्दांत त्यात येऊ द्या : सासऱ्यांची भीती, परीक्षा, गावातली बदनामी, जे खरं असेल ते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

घेतच नसतील, तर आधी शांतपणे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मग पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. हा मार्ग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये आहे. अशा गुन्ह्याची नोंद टाळणाऱ्या अधिकाऱ्यावर न्याय संहितेच्या कलम १९९ खाली कारवाई होऊ शकते. हे कलम आवाज चढवून सुनावण्यापेक्षा अर्जाच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं जास्त लागू पडतं. बऱ्याच ठिकाणी पोलीस यंत्रणेतच महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष असतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेला हा प्रयोग पुढे राज्यभर पसरला. तिथल्या ताई आधीपासून ओळखीच्या असल्या तर निम्मा त्रास वाचतो.

आणि तडजोड. दोन दिवसांत कोणीतरी पाहुणे येतातच : "झालं ते झालं, पोरीच्या लग्नाचं बघा", किंवा त्याहून भयंकर, "त्याच्याशीच लावून देऊ." बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, हे त्यांना सरळ सांगा. दबाव, धमकी, पैशाचा निरोप आला तर तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि तपास अधिकाऱ्याला लेखी द्या. साक्षीदार संरक्षण योजनेत अर्ज करायला हेच कागद लागतात. ती दलित किंवा आदिवासी असेल आणि आरोपी त्या समाजातला नसेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं लागलीत का हे पहिल्याच दिवशी तपासा.

तिचं नाव, फोटो, घराची पाटी, शाळेचं नाव कुठेही जाता कामा नये. न्याय संहितेच्या कलम ७२ खाली ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे फक्त पत्रकारांसाठी नाही. "न्याय मिळालाच पाहिजे" म्हणून तिचा फोटो ग्रुपवर टाकणारा कार्यकर्ताही त्यात येतो. मोर्चा काढायचा असेल तर आधी तिला विचारा. तिला मोर्चा नको असू शकतो.

अठराच्या आतलं मूल

इथे निवड नाही. पोक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायलाच हवं. म्हणून मुलाला "कोणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन" म्हणा. जबाब घेताना पोलिसांनी वर्दीत यायचं नसतं. बाल कल्याण समितीकडून मुलासाठी अधिकृत सहाय्यक व्यक्ती मागता येते, २०२० च्या नियमांत तशी तरतूद आहे. चाइल्डलाइन १०९८. पोक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. अठरावरच्या पुरुषांसाठी मात्र बलात्काराचं कलमच नाही, आणि तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्यात शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षांची. त्यांना कायद्याबद्दल खोटी आशा दाखवू नका. दवाखाना आणि थेरपी यांचा हक्क मात्र त्यांनाही तेवढाच आहे.

थेरपी : कधी, कोणाकडे, कशी

पहिल्या महिन्यात झोप न येणं, दचकणं, तोच वास किंवा तोच आवाज आला की थरथर होणं, नवऱ्याचाही स्पर्श नको वाटणं, हे बहुतेकांना होतं. ते वेडाचं लक्षण नाही. बऱ्याच जणींचं हळूहळू कमीही होतं. महिना उलटून गेला तरी तेवढंच राहिलं, ती घराबाहेर पडेना, दारू किंवा झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या, तर तज्ज्ञ गाठायलाच हवा. "झोपेची गोळी द्या" म्हणून महिनोन्‌महिने एकच चिठ्ठी चालवणं टाळा. त्या गोळ्यांची सवय लागते आणि आघात जागच्या जागी राहतो.

ज्यांचा उपयोग अभ्यासांत दिसलेला आहे अशा पद्धती मोजक्या आहेत. आघातावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी), ईएमडीआर (आठवण मनात आणताना नजर एका लयीत हलवली जाते), प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना सुरक्षितपणे हळूहळू सामोरं जाणं), आणि कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. ही शेवटची पेट्रीशिया रेसिक यांनी बलात्कारातून गेलेल्या स्त्रियांसोबत काम करतानाच घडवली. साधारण बारा बैठका, आणि सगळा भर "माझीच चूक होती", "आता कोणावरच विश्वास नको" अशा मनात रुतलेल्या वाक्यांवर. ती वाक्यं कागदावर लिहायची, त्यांच्या बाजूने आणि विरोधात काय आहे ते बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. करताना पहिल्या काही आठवड्यांत त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो. हे तिला आधी सांगून ठेवलं नाही तर ती तिसऱ्या बैठकीला जातच नाही.

थेरपिस्टला पहिल्याच फोनवर विचारा : शिक्षण काय, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला ती लागते), लैंगिक आघातावर काम केलंय का, फी किती, मराठीत बसता येईल का, आणि घरच्यांना काय सांगाल? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार गोपनीयता हा तिचा हक्क आहे. "आधी आईला आत बोलवा", "माफ करून टाक, शांत वाटेल" किंवा "तुझे कपडे काय होते?" असं म्हणणारा समुपदेशक लगेच बदला. पैसे नसतील तर सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि सखी केंद्र आहेत. टाटा संस्थेची 'आयकॉल' फोनवरून समुपदेशन देते.

दोन बैठकांच्या मध्ये तुम्हाला करता येईल असं एक. ती अचानक हरवली, नजर एका जागी अडकली, श्वास वाढला, तर तिला इथे परत आणायचं. "पाय जमिनीला टेकव. गार आहे का फरशी? या खोलीतल्या पाच वस्तू सांग." मग चार स्पर्श, तीन आवाज, दोन वास, एक चव. घाई नाही. थेरपिस्ट व्हायचा प्रयत्न मात्र करू नका.

खेड्यात थेरपिस्ट कुठून आणायचा, हा प्रश्न खराच आहे. काँगोच्या पूर्व भागातला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे लैंगिक हिंसेतून गेलेल्या स्त्रियांसाठी हीच कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी गटाने घेतली गेली, आणि ती घेणाऱ्या स्थानिक स्त्रिया होत्या, फार न शिकलेल्या पण प्रशिक्षण आणि नियमित देखरेख मिळालेल्या. ज्या गावांत फक्त व्यक्तिगत आधार दिला गेला, त्यांच्यापेक्षा या गटांमध्ये त्रास बराच जास्त कमी झाला. आपल्याकडे आशाताई, बचत गट, अंगणवाडी एवढं जाळं पडून आहे. कमी आहे ती प्रशिक्षणाची आणि मागे उभ्या राहणाऱ्या तज्ज्ञाची. त्याशिवाय नुसता गट भरवला तर गावभर चर्चा होते, दुसरं काही नाही. गट करायचाच तर तालुक्याच्या ठिकाणी, वेगवेगळ्या गावांतल्या बायकांचा करा आणि निमित्त दुसरं ठेवा, शिवणवर्ग किंवा आरोग्य बैठक.

आरोपपत्रानंतरची शांतता

तपास दोन महिन्यांत पुरा करायचा, प्रगती ९० दिवसांत तिला कळवायची, आरोपपत्रानंतर खटला दोन महिन्यांत संपवायचा, असं कायद्यात आहे. खटल्याला प्रत्यक्षात वर्षं लागतात. सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं असतं. सहा महिन्यांनी कोणी नसतं. आरोपी जामिनावर गावात फिरतो, तिचं कॉलेज सुटलेलं असतं. सगळ्यात जास्त जणी इथे मागे फिरतात. म्हणून पहिल्या आठवड्यात पाच माणसं धावण्यापेक्षा एक माणूस दोन वर्षं महिन्यातून एकदा गेला तर त्याचा जास्त उपयोग होतो.

याच काळात पैशाचं बघा. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. एफआयआर, वैद्यकीय कागद, आधार, बँक पासबुक लागतं. आरोपी सुटेल की नाही याची वाट बघायची गरज नाही. मदत मिळाली की "पैशासाठी केस केली" असं कोणीतरी म्हणणारच, तेव्हा रकमेची चर्चा घराबाहेर नको. मोफत वकिलासाठी १५१००.

साक्षीच्या आधी तिला कोर्ट दाखवून आणा. रिकामी खोली, कठडा, न्यायाधीश कुठे, आरोपी कुठे उभा असतो. सुनावणी बंद दाराआड होते. आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा मागता येतो. सरकारी वकिलांना आधी भेटा आणि तिने दिलेले जबाब तिला शांतपणे वाचायला मिळतील असं पाहा. उत्तरं घोकून घेऊ नका. "माहीत नाही", "आठवत नाही", "प्रश्न कळला नाही" हीही उत्तरं असतात, हे मात्र आवर्जून सांगा. तिच्या चारित्र्यावर किंवा आधीच्या संबंधांवर प्रश्न आले तर सरकारी वकिलांनी हरकत घ्यायची असते. घेतील ना, हे त्यांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ती स्वतःचा वकीलही सरकारी वकिलांच्या मदतीला देऊ शकते. कॉरिडॉरमध्ये आरोपीचे नातेवाईक बसलेले असतात, तेव्हा पोहोचायची आणि निघायची वेळ पैरवी अधिकाऱ्याशी (कोर्टात केसचं काम बघणारा पोलीस) बोलून ठरवा. तारीख पडली, साक्ष झालीच नाही, असं हमखास होतं. त्या दिवशी तिला थेट घरी सोडण्याआधी कुठेतरी बसून दोन घास खा.

तुमचं स्वतःचंही बघायला हवं. ऐकलेलं रात्री डोक्यात फिरतं; तिचं नाव न घेता बोलता येईल असा एक अनुभवी माणूस, संस्थेतला असो की समुपदेशक, आधीच शोधून ठेवा. एका वेळी किती जणींसोबत जाऊ शकता याची मर्यादा ठरवा आणि ती तिलाही सांगा : "मी रविवारी फोन घेत नाही, त्या दिवशी अमुक ताईंना लाव."

निकाल लागल्यावर प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागा. आरोपी सुटला असेल तर सरकार अपील करतं का याची वाट बघत बसण्याची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ प्रमाणे तिला स्वतःला अपील करता येतं, आणि विधी सेवा प्राधिकरण त्यासाठीही वकील देतं. करायचं की नाही हे ती लगेच सांगणार नाही. निकालाच्या दिवशी विचारूही नका. प्रत हातात आली की वकिलांसोबत बसा, मुदत किती आहे ते तिच्यासमोर लिहून घ्या आणि कागद तिच्याकडे द्या.